संदर्भ क्रमांक त्रेसष्ट

ती मेल आली तेव्हा मी भेंडी चिरत होते. मंगळवारची दुपार, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा, शेजारी ताट आणि सुरी. एक डोळा भाजीवर, एक स्क्रीनवर. घरून काम करणाऱ्या बाईचे डोळे असेच वाटून घेतलेले असतात. मेलचा विषय होता, ‘संदर्भ क्रमांक ६३ मधील पुस्तक मिळणेबाबत’. असल्या मेल मला आठवड्याला चार-पाच येतात. कुणाचं आडनाव पुढे-मागे झालेलं असतं, कुणाचं साल चुकलेलं असतं. मी चिकट बोटानेच ती उघडली.

लिहिणारी मुलगी एका विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय, वसईतले जुने पाणवठे. प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. तिने आपल्या संदर्भसूचीत एक पुस्तक घातलं होतं, ते तिला दुसऱ्या एका छापील ग्रंथाच्या सूचीत सापडलं होतं, आणि परीक्षकांनी नेमकी त्याच पुस्तकाची प्रत मागितली. प्रत कुठल्याच ग्रंथालयात नव्हती. आजकाल मुलं मशीनला सांगून संदर्भ लिहून घेतात, नसलेली पुस्तकं सूचीत घुसतात, म्हणून सगळी विद्यापीठं धास्तावलेली आहेत. समितीने तिला तीन आठवडे दिले होते. तेवढ्यात पुस्तक दाखवलं नाही तर तिची सगळी सूचीच बनावट धरली जाणार होती, आणि सूचीबरोबर प्रबंधही. तिने त्या छापील ग्रंथाच्या प्रकाशकाला लिहिलं, प्रकाशकाने आमच्या कंपनीकडे ढकललं, आणि कंपनीने माझ्याकडे, कारण त्या ग्रंथाच्या संदर्भांची फाइल मी केली होती. शेवटी लिहिलं होतं, लेखकांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा पत्ता मिळाला तर फार उपकार होतील.

त्याखाली तिने ती नोंद जशीच्या तशी चिकटवली होती. ‘भुईगावची बावखलं: जागा, पाणी आणि माणसं’. प्रकाशक, स्वतः लेखक, भुईगाव. आणि लेखकाच्या जागी माझ्या वडिलांचं पूर्ण नाव.

मी सुरी हळूच खाली ठेवली, उठले आणि मुख्य दाराची आतली कडी लावली. दिवसाढवळ्या, नायगावच्या टॉवरमध्ये, खाली दोन वॉचमन बसलेले असताना कडी का लावली ते मला विचारू नका.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर या भीतीला तोंडही सापडणार नाही आणि शेपूटही. विद्वान माणूस ग्रंथ लिहितो, तेव्हा त्याने वाचलेली पुस्तकं तो एका सॉफ्टवेअरमध्ये जमवत जातो. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद आणि नोंदीत ठरलेल्या चौकटी: लेखक, शीर्षक, साल, गाव, प्रकाशक. ग्रंथ छापायला गेला की ती यादी माझ्याकडे येते. मी ती झाडून-पुसून साफ करते आणि तिच्यातून प्रकाशकासाठी एक फाइल काढते. ती माणसाने वाचायची नसते, मशीनने वाचायची असते. कुठल्या ग्रंथाने कुठल्या पुस्तकाचा आधार घेतला, एवढंच ती सांगते. फाइल एकदा वर गेली की ग्रंथालयं, शोधयंत्रं, सगळे तिच्यातून उचलतात, आणि मग ती नोंद तुमची राहत नाही. दुरुस्ती करता येते, पण तोवर तिच्या किती प्रती कुठे जाऊन बसल्या ते देवालाच माहीत.

मराठी यादीचा एक जुना ताप आहे. मधल्या कुठल्या तरी टप्प्यावर अक्षरं फुटतात आणि ळ-ण-ज्ञच्या जागी प्रश्नचिन्हं उभी राहतात. एकदा एका प्राध्यापकांची अख्खी सूची प्रश्नचिन्हांची होऊन वर गेली होती. तेव्हापासून आमच्यात प्रत्येकाने स्वतःची एक चाचणी नोंद ठेवली. ती यादीत सगळ्यात वर टाकायची, फाइल काढायची, त्या नोंदीची अक्षरं शाबूत आली का बघायची, आणि पाठवण्याआधी नोंद काढून टाकायची. बाकीचे ‘अआइई कखगघ’ असलं काहीतरी लिहीत. मला ते बघवत नसे. मी म्हटलं, रोज डोळ्यांसमोर येणार आहे तर जरा बरं काहीतरी येऊ दे.

म्हणून मी बाबांचं नाव टाकलं. आमच्याकडे ख्रिस्ती नाव आणि पोर्तुगीज वळणाचं आडनाव, त्यामुळे जोडाक्षरांची चंगळ होती. शीर्षकात बावखलं आणली, कारण बाबांना त्यांच्याशिवाय दुसरं काही बोलताच येत नसे. केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांना पाणी द्यायला आमच्या वाडवडिलांनी जागोजागी तळी खणली, तीच बावखलं. कुठलं कुणी खणलं, कुठल्यात उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्यात कुणाची म्हैस बुडाली, सगळं बाबांना पाठ. चौथीत शाळा सुटलेला माणूस. बँकेत सही करायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ‘प्रकाशक, स्वतः लेखक’ हे मी गंमत म्हणून लिहिलं. सालाच्या चौकटीत माझ्या लग्नाचं साल. झालं पुस्तक. इतकं खोटं इतकं खरं दिसेल असं लिहायला नको होतं, हे आज कळतं.

त्या मुलीला नोंद सापडली त्या ग्रंथाची फाइल ज्या दिवशी पाठवायची होती, त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. बाबा वाडीतल्या बावखलाच्या काठावर घसरून पडले होते आणि उठत नव्हते. माझा एक हात चपलेकडे आणि एक माऊसवर. फाइल काढल्यावर यादी अकारविल्हे लागते, त्यामुळे सगळ्यात वर ठेवलेली माझी नोंद खाली जाऊन दोनेकशे नोंदींच्या गर्दीत बसली होती. वर नजर टाकली, दिसली नाही, काढली असं वाटलं, बटण दाबलं आणि रिक्षा गाठली. बाबा नऊ दिवसांनी गेले. इथपर्यंत ही चूक होती, आणि चुकीबद्दल मी कुणापुढेही मान खाली घालायला तयार आहे.

पुढचं मात्र चूक नव्हतं. तो ग्रंथ बाहेर आला तेव्हा मी सवयीने त्याची नोंद तपासली आणि सूचीत त्रेसष्ट नंबरवर बाबा बसलेले दिसले. ग्रंथाच्या लेखकाला कळलं कसं नाही, असं तुम्हाला वाटेल. आपल्याच सूचीत आपण न वाचलेलं पुस्तक दिसलं तर विद्वान दचकत नाहीत, हे मला या धंद्यात कळलंय. मी दुरुस्तीचा अर्ज उघडला. कारण लिहा, अशी चौकट होती. मी त्या चौकटीकडे बघत बसले. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना नावाजलेले लोक होते, वर एक इतिहासकार, खाली एक भूगोलाचे प्राध्यापक, आणि मध्ये सहीला घाबरणारे माझे बाबा. मी अर्ज बंद केला.

वर शहाणपण असं की त्या पानाची प्रिंट काढली, त्रेसष्ट नंबरखाली लाल रेघ मारली आणि भुईगावला आईला नेऊन दिली. काय आहे हे, तिने विचारलं. म्हटलं, बाबांचं नाव आलंय, मोठ्या पुस्तकात. तिने आणखी काही विचारलं नाही. पुढच्या वेळी गेले तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून येशूच्या तसबिरीखाली भिंतीला लावलेला. घरी माळेच्या प्रार्थनेला बायका जमल्या की ती तो दाखवायची. मला बरं वाटायचं. खोटं बोलणार नाही, फार बरं वाटायचं.

आणि आता दोन वर्षांनी त्याच त्रेसष्ट नंबरने एका मुलीचा गळा धरला होता.

पहिल्या दिवशी मी तिला उत्तर लिहिलं, ‘आपली विनंती मिळाली. तपासून कळवतो.’ कळवतो. कोण कळवतो? मी कंपनीच्या मागे लपले. दुसऱ्या दिवशी ती मेल मी ‘नंतर पाहू’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली, डोळ्याआड झाली की ती मुलगीही जाईल असं वाटून. मुलगी कुठे जातेय? तिसऱ्या दिवशी तिने नम्रपणे विचारलं, काही कळलं का.

त्या दिवसांत मला फोनची भीती वाटायला लागली. कंपनीचा नंबर दिसला की फोन उलटा करून ठेवायचे. दाराची बेल वाजली की आधी भिंगातून बघायचे, कुरिअरवाला असला तरी क्षणभर थांबायचे. नवरा म्हणाला, ‘पोलीस येणार असल्यासारखी दार उघडतेस हल्ली.’ मी हसले, आणि ते हसू किती वेळ तोंडावर ठेवायचं ते कळेना. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढंच ना, चूक झाली म्हण आणि मोकळी हो. त्याला तो बंद केलेला अर्ज माहीत नव्हता. मला तो एकच दिसत होता. चूक माफ होते. जाणूनबुजून गप्प बसलेल्या बाईला यादीला हात लावू देणारी कंपनी मला माहीत नाही. आमच्या धंद्यात भांडवल म्हणतात ते एवढंच असतं, की या बाईने पाठवलेली नोंद खरी असते.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेले. प्रवचन कशावर होतं ते आठवत नाही. कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले, माझ्यापुढे तीन बायका राहिल्या तेव्हा रांग सोडून बाहेर आले. फादरांना काय सांगणार होते? संदर्भसूची म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागली असती. हे अर्थात कारण झालं. खरं म्हणजे फादरांनी विचारलं असतं, त्या मुलीला सांगितलंस का?

सोमवारी मला एक भयंकर युक्ती सुचली. पुस्तक नाही म्हणूनच सगळा घोळ आहे ना, मग पुस्तक करू. तीस-चाळीस पानांची पुस्तिका. बावखलांचं थोडंफार मलाही आठवत होतं, लहानपणी मी बाबांच्या मागे वाडीवाडीतून हिंडलेली. मजकूर मी लिहायचा, वर बाबांचं नाव, आत जुनं साल. वसईत छापून मिळेल, कागद जरा पिवळट निवडला की झालं. प्रत मुलीला पाठवायची, तिची पीएच.डी. वाचेल, माझी नोकरी वाचेल, बाबा त्रेसष्ट नंबरवर राहतील. कुणाचंच वाईट नाही. भ्यालेलं डोकं किती हुशार होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

लिहायला बसले. आमच्या वाडीमागच्या बावखलापासून सुरुवात केली, पणजोबांनी दोन भावांना घेऊन ते कसं खणलं, चिखल काढायला कोण कोण आलं. एक पान झालं. चांगलं झालं होतं, हेच वाईट झालं. वाचता वाचता मला वाटायला लागलं की हे बाबांनीच लिहिलंय, आणि तिथेच मी थांबले. आता मी एक नोंद लपवत नव्हते, आता बनावट कागद तयार करत होते, तोही मेलेल्या बापाच्या नावाने. मी सगळं पान निवडलं आणि पुसलं. नंतर कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथूनही पुसलं.

गुरुवारी त्या मुलीची पुन्हा मेल आली. मजकूर असा होता:

‘मॅडम/सर, आपल्याकडून अद्याप माहिती न आल्याने मी स्वतः भुईगावला जायचं ठरवलं आहे. लेखकांचं नाव पाहता कुटुंब तिथल्या चर्चच्या धर्मग्रामातलं असावं. रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चबाहेर चौकशी करेन. कुणी ना कुणी ओळखत असेलच. माझ्याकडे आता नऊ दिवस आहेत.’

कुणी ना कुणी? अख्खं गाव ओळखतं. मिस्सा सुटली की चर्चबाहेर उभ्या राहून नाव घ्यायची खोटी, चार जणी तिला हाताला धरून आमच्या घरी नेतील. आई तिला बसवेल, लिंबू सरबत करील, आणि भिंतीवरचा कागद काढून तिच्या हातात देईल. हे बघ, इथं आहे. आणि ती विचारेल, आजी, पण पुस्तक कुठे आहे?

इतके दिवस मी नोकरीला भीत होते. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि नोकरीची भीती एकदम लहान झाली. आईला परक्या मुलीसमोर, स्वतःच्या घरात, तोंडावर पडलेलं बघायचं नव्हतं मला. त्या मुलीलाही नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला मी मॅनेजरला फोन केला. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मुंबईच्या ऑफिसात बसते, मला ताई म्हणते. मी गादीच्या कडेवर बसले होते.

‘त्रेसष्ट नंबरची नोंद माझी चाचणी नोंद आहे,’ मी सांगितलं. ‘काढायची राहिली. ते पुस्तक नाहीच.’

ती म्हणाली, ‘ओके. होतं असं, ताई. टेन्शन घेऊ नका. आपण करेक्शन टाकू. फक्त मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल, तुम्हाला कळलं कधी? आत्ता, या मेलमुळे, बरोबर?’

तिने उत्तरच माझ्या हातात ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. खाली सोसायटीत पाण्याचा टँकर लागला होता, त्याचा पंप घरघरत होता, आणि मला आठवतं, मी तो बंद व्हायची वाट पाहिली. तो बंद झाला नाही.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘ग्रंथ बाहेर आला तेव्हाच कळलं. दोन वर्षं झाली. मी मुद्दाम ठेवलं.’

‘मुद्दाम? का?’

‘ते माझ्या वडिलांचं नाव आहे.’

तिचा आवाज बदलला, ताई गेलं आणि मॅडम आलं. ‘मॅडम, हे मला वर सांगावं लागेल.’ मी म्हटलं, सांगा. म्हटलं, पण विद्यापीठाला पत्र आजच गेलं पाहिजे, त्या मुलीकडे दिवस नाहीत.

पत्राचा मसुदा तिने दुपारी पाठवला. त्यात होतं, ‘सदर पुस्तक अस्तित्वात नसून लेखक काल्पनिक आहे.’ मी फोन केला.

‘काल्पनिक नाही लिहायचं,’ मी म्हटलं. ‘भुईगावला त्यांची कबर आहे.’

‘पण ऑथर म्हणून तर काल्पनिकच ना, मॅडम?’

तिचं बरोबर होतं. शेवटी ठरलं, ‘नमूद व्यक्तीने कोणतेही लेखन केलेले नाही.’ त्याखाली कंपनीची सही आणि जबाबदार व्यक्ती म्हणून माझी. बाबांना सहीचा घाम का फुटायचा ते मला त्या दिवशी कळलं.

मी त्या मुलीला वेगळी मेल लिहिली, कंपनीच्या मागे न लपता, स्वतःच्या नावाने. सगळं लिहिलं, अर्ज बंद केलेलाही. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. पत्र समितीला दिलं, रविवारचं येणं रद्द केलं, असं तिने कळवलं. पुढे लिहिलं होतं, ‘पुस्तक न पाहता मी ते सूचीत घेतलं, ही माझी चूक आहेच. पण मॅडम, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी दहा दिवस जेवले असते.’ तिची तोंडी परीक्षा पुढे झाली, हे मला नंतर प्रकाशकाकडून कळलं. माझी नोकरी राहिली, पण पाठवायचं बटण माझ्याकडून काढून घेतलं. आता मी केलेली प्रत्येक फाइल दुसरं कुणीतरी उघडून बघतं. ते योग्यच आहे, आणि तरी दर वेळी मान खाली जाते.

आता उरली होती आई. त्रेसष्ट नंबर सगळीकडून जाणार होता, मग तिच्या भिंतीवरही राहून चालणार नव्हतं. शिवाय आज ही मुलगी आली नाही, उद्या दुसरं कुणी आलं तर? शनिवारी मी भुईगावला गेले. वसई स्टेशनपासून रिक्षात बसले ते बोलायची वाक्यं जुळवत. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं कुठल्या गल्लीत, मला ऐकूच गेलं नाही. वाटेवर आमच्या चुलत्यांच्या बावखलावर भराव टाकून झाला होता, तिथे एका बंगल्याचं जोतं वर आलं होतं. एरवी मी तिकडे बघून चडफडते. त्या दिवशी नुसती पुढे गेले.

आई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ‘पानी पी आदी,’ ती म्हणाली. ‘तोंड बग केवडं झालंय.’

मी पाणी प्यायले नाही. तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. नोंद कशी केली, कशी राहिली, मुलगी, समिती, पत्र. ‘तो कागद खोटा आहे, आई. बाबांचं पुस्तक नाही. कधी नव्हतंच.’

तिचे हात थांबले नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग. मला वाटलं तिला कळलंच नाही.

‘सई करताना घामाघूम व्हायचा तो,’ ती म्हणाली. ‘त्यानं पुस्तक लिवलं नाय, हे मना ठावं नाय काय?’

‘मग तू तो कागद लावलास कशाला?’

‘मना वाटलं, तू लिवलंस. त्याच्या नावानं.’ तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘तूच त्याच्या मागंमागं फिरायचीस ना बावखलांवर. म्हटलं, लिवलंय तर आणंल कदी ना कदी. कामात असते. घाई कशाला करा. फादरनापन सांगून ठेवलंय, आलं की एक देते म्हनून.’

दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या घरात जाऊन जेवून येत होते, आणि दर वेळी ती माझ्या पिशवीकडे बघत असणार. मी कधी लक्ष दिलं नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

‘एक पान लिहिलं होतं,’ मी म्हटलं.

‘कुठंय?’

‘पुसून टाकलं.’

तिने शेंगांची टोपली बाजूला सारली, पदराला हात पुसले. ‘कुठलं घेतलं व्हतंस पयलं?’

‘वाडीमागचं.’

‘सांग मग.’

मी सांगायला लागले. पणजोबा, त्यांचे दोन भाऊ, चिखल काढायला आलेली माणसं. ती मान हलवत होती. मग बावखलात उतरायच्या वाटेवर आले आणि अडले. पानावर मी पूर्वेकडून असं ठोकून दिलं होतं, पण आईसमोर ते तोंडातून निघेना. पाण्यात उतरायचा तो दगडी काठ नक्की कुठल्या बाजूला होता? आता तिथे गवत आणि झुडपं माजलीत, काठ दिसत नाही.

‘पूर्वेला ना गं?’ मी विचारलं.

आईने वाडीच्या दिशेने बघितलं. ओठ हलले तिचे, बोटाने हवेत एकदा इकडे, एकदा तिकडे केलं. ‘नाय,’ ती म्हणाली. ‘थांब. त्या अंगाला...’

बोट तसंच राहिलं. तिलाही आठवत नव्हतं. विचारायचं कुणाला ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि मी कालच सही करून लिहून दिलं होतं की त्या माणसाने काही लिहून ठेवलेलं नाही.